इस्पितळावरचं आकाश

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. माझ्या चार पंखांपैकी दोनच धड आहेत आणि डोळ्याच्या काचेला तडा गेला आहे. एका स्टुडिओच्या माळ्यावर, मोडक्या स्टँडांच्या अडगळीत मी पडून असतो. पण एके काळी मी उंच झेपावलो की माणसं हातातलं काम टाकून वर बघत.

स्टुडिओ बहीणभावाचा. भाऊ कॅमेऱ्यात मुरलेला. ताईने परीक्षा देऊन ड्रोन उडवण्याचा परवाना मिळवला होता. दुसऱ्यांसाठी चित्रण करायचं तर परवाना हवा, त्या जागेची परवानगी हवी आणि उडताना माझ्यावरून नजर न हलवणारं माणूस हवं, हे ती कधी विसरत नसे. माझ्या आतही एक अदृश्य कुंपण होतं. मनाई असलेल्या भागापाशी आलो की मी आपोआप थांबत असे. त्याचा मला राग नव्हता. आईने बोट धरलं की मुलाला वाटतं, तसं मला निर्धास्त वाटे.

मग एका हॉटेलवाल्याचं काम आलं. हॉटेलसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे इस्पितळ. इस्पितळाच्या गच्चीवर अत्यवस्थ रुग्णांना घेऊन हेलिकॉप्टर उतरत असे, म्हणून परवानगी मिळाली ती रस्त्याच्या अलीकडचीच. हॉटेलवाल्याला मात्र हॉटेल आणि त्यामागची नदी एकाच चौकटीत हवी होती. त्यासाठी इस्पितळावर जावं लागणार होतं.

"जमणार नाही," ताई म्हणाली.

"अहो मॅडम, जरासं काम. आकाशात काय पोलीस उभा असतो?"

"नसतो ना, म्हणून तर आपणच सांभाळायचं."

भाऊ म्हणाला, "तू ना ताई, चंद्रावर उतरलीस तरी आधी पार्किंगची पावती फाडशील."

ताईही हसली. त्या दोघांना एकत्र हसताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

त्याच संध्याकाळी भावाने ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून माझं कुंपण काढून आणलं. ताईला पत्ता लागू दिला नाही. मला हलकं वाटलं, आणि धास्तीही वाटली.

उड्डाणाआधी इस्पितळाला फोन करून हेलिकॉप्टर येणार आहे का ते विचारायचं, ही ताईची रीत. चित्रणाच्या दिवशी हॉटेलच्या गच्चीवर वारा होता, म्हणून ती फोन घेऊन जिन्यात गेली. "मी येईपर्यंत हात लावू नकोस रे," असं बजावून गेली.

"ऊन कलतंय बरं का," हॉटेलवाला पुटपुटला.

भावाने रिमोट उचलला.

मी रस्ता ओलांडला. मला थांबवणारं आत काही उरलं नव्हतं. नदी सोन्यासारखी चमकत होती. भावाची नजर रिमोटच्या पडद्याला चिकटली होती आणि हॉटेलवाला त्याच्या खांद्यावरून डोकावत होता. आकाशाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझ्यामागची हवा थरथरू लागली. मागे बघायला मला डोळा नव्हता.

ताई धावत आली. "खाली घे, हेलिकॉप्टर येतंय."

"एवढा शॉट होऊ दे, ताई..."

तिने रिमोट हिसकावला. मला परत आणायला वेळ नव्हता. इस्पितळाच्या मागची रिकामी बाग हेरून तिने मला तिथे आपटलं. हेलिकॉप्टर माझ्यावरून गेलं. आतल्या रुग्णाला काही कळलंही नसेल.

पुढे चौकशी झाली. उड्डाणाची जबाबदारी ताईच्या नावावर होती, म्हणून परवाना तिचाच गेला. ती भावाला एवढंच म्हणाली, "मला सांगायचं तरी होतंस." त्यानंतर ती स्टुडिओत आली नाही.

आता खाली नवा ड्रोन आला आहे. लहानसा, चपळ, माझ्यासारखाच उत्साही. भाऊ फोनवर दुरुस्तीवाल्याशी बोलत होता, "हो, मागच्यासारखंच लॉक काढून द्या. नाही हो, आता ताई नसते. मीच उडवतो."

मित्रांनो, डोक्यावर घरघर ऐकू आली तर नुसते हात हलवू नका. खाली उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "याच्याकडे बघतंय कोण?" मी विचारलं असतं, पण माझा आवाज माळ्याखाली पोहोचत नाही. आणि आत्ताच अंगणात नवे पंख फिरू लागले आहेत.