घासलेली बरणी

नागपूरहून आलेल्या साहेबानं जालन्यात चार घरांच्या माळवदांवर चार काचेच्या बरण्या ठेवल्या. ट्रक-मोटारींचा धूर हवेत किती असतो आणि त्यानं माणसाच्या छातीचं काय होतं, याचा अभ्यास होता. बरणी उघडी ठेवायची, महिनाभर वरून पडेल ते पडू द्यायचं, मग नेऊन तोलायचं. हे सगळं त्यानं भंवरलाल शेठच्या गादीवर बसून, चहा घेत, नीट समजावून सांगितलं. "जास्ती भरली तर?" शेठनं विचारलं. "तर ट्रकचा अड्डा गावाबाहेर न्या म्हणून लिहू," साहेब म्हणाला.

चांगुणाबाईला तो दारातूनच म्हणाला, "बाई, वर बरणी ठेवलीय. इथं किती घाण आहे ते बघायचंय. महिन्यानं नेईन." पाणी पुढं केलं तर घेतलं नाही. उशीर झाला होता म्हणे. शेठकडं झाला नव्हता.

चांगुणाबाईचं घर बौद्ध वस्तीतलं शेवटचं. भिंतीपलीकडं ट्रकचा अड्डा. पहाटे डायव्हर गाड्या चालू करून चहाला जायचे आणि तेवढा वेळ धूर सरळ तिच्या दारात शिरायचा. नवरा पुंजाराम हमाली करून, खोकून खोकून गेला. मग नातू झाला, तोही खोकू लागला. डॉक्टर म्हणाला, लेकराला या धुरात ठेवू नका. मुलगा संपत रेल्वेत होता. त्यानं परतूरला खोली केली.

"तूबी चल, आई."

"मी उठले की इथं ट्रक उभा राह्यला समज."

"मंग ट्रक हलू दे. हलले त्या दिवशी बिस्तरा घेऊन येतो."

तेव्हापासून ती एकटी. एका माणसाच्या भाकरीला तवा तापायच्या आत पीठ संपतं. सणाला नातवाला पाहून यायची आणि परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलायची नाही.

बरणी पाहून शेजारची साळूबाई हसली. "काय गं, कशाचं लोणचं घालून राह्यली?"

"लोणचं न्हाई. साहेबाची हाय. आपल्याकडं घाण किती ते पाहून राह्यले."

"मंग घास की. शेठकडं निघाली तर धूळ म्हन्तील. आपल्याकडं निघाली तर आपल्यालाच घाण म्हन्तील."

हे काही खोटं नव्हतं. दीक्षा घेतली त्या वर्षी पुंजाराम बोलला होता, आता आपल्याला घाण म्हणायला कोणाला जागा ठेवायची न्हाई. तो गेला तरी चांगुणाबाईनं ती जागा ठेवली नव्हती. दारापुढं कागदाचा कपटा नाही, भांड्याला डाग नाही. म्हणून रोज दिवस कलला की ती शिडी चढायची, राखेनं बरणी घासायची, हाताला आलेलं काळं धुवायची आणि बरणी पालथी-सुलटी करून उजेडात बघायची. कोणीतरी मोठं माणूस तिच्या घरचं काही बघायला येणार होतं.

महिना झाला, साहेब आला. बरणी हातात घेतली आणि बघतच राहिला.

"ही धुतली कोणी?"

"मीच. रोज घासते. बघा, एक कण न्हाई."

साहेब माळवदाच्या कठड्यावर बसला. पहिल्यांदाच त्या घरात बसला. "बाई, यातल्या काळ्यावरूनच तर ट्रक हलवा म्हणता आलं असतं."

चांगुणाबाईला समजायला वेळ लागला. मग ती हळू म्हणाली, "हे तवाच सांगायचं की."

साहेबानं बरणी उजेडात धरून पुन्हा आत बघितलं.

"पुन्हा ठेवा. बिलकुल हात लावत न्हाई."

"कामाची मुदत संपली."

"शेठच्या बरणीवरून लिहा मंग."

"बाकीची तिन्ही घरं लांब आहेत, तिथं धूर कमी. तुमचीच बरणी हवी होती."

खाली कोणीतरी ट्रक चालू केला. धूर भिंतीवरून वर आला आणि दोघांनाही ठसका लागला.

"हे बघा की. डोळ्यांनी दिसून राह्यलं, ते लिहा."

"डोळ्यांनी दिसलेलं चालत नाही, बाई."

असं बोलायला माणसाला बरंच शिकावं लागत असेल. तो बरणी काखेत मारून शिडी उतरला.

रविवारी संपत आला. शेठच्या दुकानातला माणूस परतूरला भेटला तेव्हा त्याला बरण्यांचं सगळं कळलं होतं, म्हणून तो आल्या आल्या हसत होता. बायकोनं, बेबीनंदानं, तिकडं भांडी बांधायला काढली होती.

"काय निघालं, आई?"

"काही न्हाई निघालं. मी रोज घासून राह्यले होते."

"कशाला?"

"आपल्याला घाण म्हन्तील म्हणून."

संपतला राग आला नाही. तोही त्याच घरात वाढला होता. गाडीची वेळ झाली तेव्हा उठून म्हणाला, "लेकरू जरा मोठं झालं की आणतो."

"किती मोठं?" तिनं विचारलं.

संपतनं चपला घातल्या.