पाचवा आकडा

मी एक जुने यंत्र आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजणे हे माझे काम. मित्रांनो, मला नाक नाही हे बरेच झाले. नाहीतर या दवाखान्यात मी ते सतत मुरडत बसले असते.

कारखान्यात मला एकच शिकवले होते, टोक अलगद टेकवायचे आणि खरे सांगायचे. कॅनडातल्या सास्काटूनला आले तेव्हा मेव्हिस ही तंत्रज्ञ मला रोज पुसायची, माझे कौतुक करायची. मग ब्रेंट सल्लागार म्हणून आला. चष्मा घालवायची लेसर शस्त्रक्रिया गळ्यात मारणे हाच त्याचा सल्ला. मेव्हिसच्या चार मोजण्यांत पडदा पातळ निघाला की पाचव्यांदा तो माझे टोक स्वतः घेई आणि मध्यावरून कडेला सरकवी. कडेला पडदा जाडच असतो. तो आकडा कागदावर जाई, आणि ‘पाचवा आपला’ म्हणून सगळे हसत. त्या हसण्याची मला किळस येई.

एका मंगळवारी ओक्साना ह्रिंचक आली. ती आइस हॉकीत गोल राखते. मुखवट्याआड चष्म्यावर वाफ धरते, म्हणून तिला चष्मा नको होता. मेव्हिसने चारदा मोजले: ४७८, ४७६, ४७९, ४७७. जाडी पाचशे मायक्रॉनच्या खाली असली तर लेसरसाठी पडद्याचा वरचा पापुद्रा कापायचा नाही, असा तिथला नियम. ब्रेंटने डोनटच्या साखरेने चिकट झालेल्या बोटांनी मला उचलले. शी! ५१२.

‘‘अभिनंदन, मॅडम. शुक्रवारी पापुद्रा उचलून लेसर करू.’’

मेव्हिस इतकी वर्षे गप्प राहिली होती. तिचाही मला वीट आला होता. त्या दिवशी मात्र ती बोलली.

‘‘पोरी, तुझा पडदा पातळ आहे. कापला तर पुढे फुगू शकतो, आणि तोंडावर कोपर बसलं तर पापुद्रा सरकेल. पापुद्रा न कापता वरून लेसर करतात. आठवडाभर डोळे चुरचुरतील, एवढंच. नाहीतर डोळ्यात भिंग बसवतात. तुला काय चालेल ते दुसरीकडे तपासून घे.’’

ओक्साना ब्रेंटकडे वळली. ‘‘म्हणजे हे मशीन चार वेळा खरं बोललं, आणि पाचव्यांदा तू त्याला खोटं बोलायला लावलंस?’’

मशीन जुनं झालंय, म्हणाला तो. ती चष्मा घालून निघून गेली. आठवड्याभरात माझ्यावर ‘बिघडलेले’ अशी चिठ्ठी लागली आणि मी कपाटात गेले.

मित्रांनो, डोळ्यांना लेसर लावण्याआधी सगळे आकडे मागा, सगळे उपाय विचारा. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. ओक्साना वाचली; पण तिच्याआधी एकोणीस जण पाचवा आकडा घेऊन त्याच खुर्चीतून उठले होते, आणि त्यांच्या कागदांवर ब्रेंटचे नाही, माझे नाव आहे.