न बुडवलेला ब्लाउज

"आणि दार कोण उघडतं?" रोझालियानं विचारलं. ती स्टुडिओतली कपडेवाली. गार चहाच्या घंगाळात पांढरे ब्लाउज बुचकळत होती. पांढरं कापड पडद्यावर भगभगतं, म्हणून.

"मालकाचा मुलगा," कारखान्याच्या आगीवर नवा मूकपट काढणारा दिग्दर्शक व्हिटकॉम्ब म्हणाला. "किल्ली घेऊन येतो. सगळ्या पोरी सुटतात. मालक रडतो."

"साहेब, माझी बहीण असल्याच दारामागे जळाली. किल्ली मुकादमाच्या खिशात, आणि मुकादम खाली रस्त्यावर. कुणी उघडलं नाही."

"बाई, न उघडणारं दार बघायला कोण तिकीट काढतं?"

व्हिटकॉम्बला समाजातल्या गुन्ह्यांचा फार कळवळा. तीन रिळांपुरता. दारू, जुगार, बालमजुरी, सगळं त्यानं असंच निकालात काढलं होतं; दर वेळी शेवटी कुणीतरी रडून सुधारायचं. न्यूयॉर्कातले कारखाने मात्र दारांना कुलपं लावतच होते.

आगीच्या दिवशी एक पोरगी कमी पडली. "पाठमोरी उभी राहा, म्हणजे वय दिसणार नाही," असं सांगून रोझालियालाच गर्दीत ढकललं. तिनं बहिणीचा, कॉन्चेताचा, घरी राहिलेला ब्लाउज घातला. तो चहात बुडवलेला नव्हता.

लाकूड-कापडाचा खोटा कारखाना पेटला. तो एकदाच पेटणार होता. नायकानं दार उघडलं, पोरी धावत सुटल्या. रोझालिया हलली नाही. बंद दारापुढे उभं राहावं तशी उभी राहिली.

"अगं बये, पळ! दार उघडंय, आंधळी आहेस का?" व्हिटकॉम्ब कर्ण्यातून बोंबलत होता. शेवटी सुतारांनी तिला ओढून काढलं. बाही करपली होती. नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

पुन्हा चित्रण शक्य नव्हतं. व्हिटकॉम्बनं मध्ये मजकुराची एक पाटी घालून भागवलं.

महिन्याभरानं इटालियन वस्तीतल्या थिएटरात रोझालिया शेजारच्या फिलोमेनाबरोबर बसली होती. त्यांच्या रांगेत इंग्रजी फिलोमेनालाच वाचता यायचं. पाट्या ती अख्ख्या रांगेला मोठ्यानं वाचून दाखवायची.

पडद्यावर सगळ्या पळाल्या. एक पांढरी पाठ तेवढी भगभगत राहिली.

"ही येडी काय करतेय?" मागून कुणीतरी हसलं.

मग अक्षरं आली : 'जिच्या हलगर्जीपणानं आग लागली, तिला देवानं शासन केलं.' पुढच्या रांगांतून टाळ्या पडल्या.

"काय लिहिलंय गं?" रोझालियानं विचारलं.

फिलोमेना तिच्या कानाशी वाकली. मग हळूच म्हणाली, "लिहिलंय, दार बंद होतं."

रोझालियानं मान डोलावली, शाल सावरली आणि उठली. नायकाच्या लग्नाला ती थांबली नाही.