सात नंबरचा देव

इजिप्तमधल्या एडफूच्या मंदिरात, दगडी ससाण्याच्या पायाशी, अमेरिकेतल्या नेपरव्हिलहून आलेली आम्ही सव्वीस मराठी माणसं भर उन्हात उभी होतो आणि प्रतापगुरुजी एकेकाच्या मनातलं बाहेर काढत होते.

"छातीत... छातीत दोन बारीक जाळ्या दिसतायत मला," कपाळाला हात लावून ते रवींद्ररावांसमोर थबकले. "आणि एक मुलगा. पश्चिमेला, समुद्राजवळ. त्याचा फोन येत नाही."

रवींद्रराव मटकन खाली बसले. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट होते आणि सिअ‍ॅटलचा मुलगा वर्षभर त्यांच्याशी बोलला नव्हता.

"हे जेन्युइन आहे यार!" मागून कुणीतरी कुजबुजलं. दोघीतिघींनी ससाण्यालाच नमस्कार केला.

हे गुरुजी पूर्वी अमेरिकेतच, पार्सिपनीत कंपन्यांमध्ये ट्रेनिंग द्यायचे. पुढे म्हणे ध्यानात त्यांना इजिप्तचा ससाणा-देव होरस दिसला आणि त्यांच्याशी चक्क शुद्ध मराठीत बोलला. "विष्णूचा गरुड तोच नाईलचा ससाणा! तत्त्व एकच, फक्त फ्रीक्वेन्सी वेगळी," असं ते सांगायचे. दरवर्षी ते आणि त्यांच्या पत्नी नैनाताई भक्तांना घेऊन ही सहल काढत. आज लक्झरहून बसने निघायचं, नदीकाठाने एडफू, मग कोम ओम्बो, आणि मुक्कामाला आस्वान, असा बेत होता.

मी आले होते ती शोभनासाठी. आमची घरं शेजारीशेजारी, मैत्री तीस वर्षांची. तिला काचबिंदू आहे. मी निवृत्त फार्मासिस्ट, तेव्हा तिच्या थेंबांवर माझं बारीक लक्ष असतं. त्या दिवशी सकाळी लक्झरच्या हॉटेलात तिच्या सामानात मला बाटली दिसेना.

"थेंब कुठे आहेत गं?"

"बंद केले. तीन आठवडे झाले." तिने नजर चुकवली. "गुरुजी म्हणाले, केमिकलने डोळ्याची वाट बुजलीय. कोम ओम्बोला होरस स्वतः ती उघडणार आहे."

"अगं, काचबिंदू दुखत नाही. कडेकडेने नजर गुपचूप जाते, आणि गेलेली परत येत नाही."

"दुखत नाही म्हणजे बरंच होतंय की, पद्मिनी!"

मी कपाळाला हात लावला आणि बसमध्ये चढले.

आमची गाईड हनान नावाची लक्झरचीच बाई होती. चाळिशीची, तिखट जिभेची. गर्दीत ओरडावं लागू नये म्हणून तिने प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटी डबी अडकवली होती. ती माइकमध्ये हळू बोलायची आणि आम्हाला इअरफोनच्या बोंडातून ऐकू यायचं. तिचा चॅनल चार नंबरचा. गुरुजींच्याही गळ्यात डबी, कानात बोंडं. त्यात वावगं काय वाटणार?

एडफूत गुरुजी रवींद्ररावांना उठवत होते, तेव्हा माझी डबी सनस्क्रीनने बरबटली होती. मी ती रुमालाने पुसायला गेले आणि बटण फिरून चाराचे सात झाले. कानात अचानक नैनाताईंचा आवाज आला, अगदी स्वच्छ मराठीत.

"आता पांढरी टोपी. शोभना. उजवा डोळा. नवरा गेलाय, नाव मोरेश्वर. त्याचं घड्याळ वापरते. घड्याळ शेवटी घे."

दोन क्षण गेले. मग समोरून गुरुजींचा घोगरा आवाज आला, "मोरेश्वर... कोण आहे मोरेश्वर?"

शोभनाने तोंडावर हात घेतला.

मी मागे पाहिलं. दूर एका खांबाच्या सावलीत नैनाताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. एका हातात कागद, दुसरा हात तोंडाशी. तो कागद मी ओळखला. निघण्यापूर्वी आम्ही सगळ्यांनी चार पानी फॉर्म भरला होता. आजार, औषधं, घरची माणसं, इमर्जन्सीसाठी. शिवाय नैनाताई एकेकाला फोन करून तासतास मायेने बोलल्या होत्या. घड्याळ त्यातच निघालं असणार.

मी शोभनाकडे धावले, पण ती मनगटावरचं घड्याळ कुरवाळत रडत-हसत होती. त्या वेळी काही बोलले असते तर मीच खोटी ठरले असते. म्हणून बसमध्ये मी हनानच्या शेजारी जाऊन बसले आणि तिला सगळं सांगितलं.

ती हसू दाबत म्हणाली, "माझा एक माइक कालपासून सापडत नव्हता. आता समजलं कुठे आहे."

कोम ओम्बोचं मंदिर नदीच्या अगदी काठावर आहे. अर्धं होरसचं, अर्धं मगरदेवाचं. हनानने आम्हाला आतल्या गाभाऱ्यांपाशी नेलं आणि त्यांच्यामधली अरुंद, काळोखी पोकळी दाखवली.

"आमच्याकडे सांगतात की पुजारी इथे लपायचा. लोक बाहेरून देवाला प्रश्न विचारायचे आणि देव भिंतीतून उत्तर द्यायचा."

"बिचारे भोळे लोक!" प्रतिमा हळहळली. प्रतिमा म्हणजे गुरुजींच्या सत्संगातली सगळ्यात निष्ठावान भक्त.

तेवढ्यात गुरुजींनी हात वर केले. "शांत! तो येतोय." नैनाताई लगबगीने खांबाआड गेल्या. हनान चार नंबरवरून शांतपणे म्हणाली, "माझ्या चॅनलवर खरखर येतेय. सगळ्यांनी सात नंबर लावा, प्लीज."

सगळ्यांनी बटणं फिरवली. फक्त दोघांना ही सूचना ऐकू गेली नाही, कारण चार नंबरवर ते दोघंच नव्हते.

"निळी ओढणी," सगळ्यांच्या कानात नैनाताई बोलल्या. "प्रतिमा. डावा गुडघा. सून पंजाबी."

"डावा गुडघा," गुरुजी डोळे मिटून म्हणाले, "आणि घरात पाच नद्यांचं पाणी आलंय, सुनेच्या रूपाने!"

प्रतिमाने कानातलं बोंड काढून पाहिलं आणि पुन्हा घातलं.

"प्रताप, जरा आटप ना. मला बाथरूमला जायचंय."

"वेळ... वेळ फार थोडा आहे," गुरुजी गंभीरपणे उद्गारले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. गुरुजींना वाटलं, भक्त भारावले. ते शोभनासमोर आले.

"शोभना. डोळा," कानात आवाज आला. "थेंब सुरू करू नको म्हणून बजाव. डॉक्टरकडे गेली तर हातची जाईल."

"होरस म्हणतो," गुरुजींनी तिच्या डोळ्यांवर तळवा धरला, "थेंब नकोत. डॉक्टर नको."

शोभनाने त्यांचा हात बाजूला केला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज स्थिर होता.

"होरसला बाथरूमला जायचंय ना? जाऊ द्या त्याला."

गाभाऱ्यात असा हशा पिकला की पलीकडचे जपानी प्रवासी वळून बघू लागले. नैनाताई माइक हातात धरूनच बाहेर आल्या आणि जागीच थिजल्या.

"हे... हे केवळ तांत्रिक साहाय्य आहे!" गुरुजी सावरून म्हणाले. "शक्ती खरीच आहे."

"मग ते बोंड काढा," रवींद्रराव पुढे झाले, "आणि माझ्या आईचं नाव सांगा. फॉर्ममध्ये ते विचारलं नव्हतं."

"तुमच्या संशयामुळे ऊर्जा खंडित झालीय."

हनानने नैनाताईंच्या हातातून आपला माइक काढून घेतला. "आमचे पुजारी," ती म्हणाली, "निदान पाठांतर तरी करायचे."

आस्वानला उतरल्यावर मी शोभनाला आधी एका फार्मसीत नेलं आणि औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून थेंब मिळवले. हॉटेलच्या लॉबीतल्या सोफ्यावर तिने मान मागे टाकली आणि मी थेंब घातले. तेव्हा कुठे ती रडली.

"मी शिकलेली बाई गं. इतकी कशी फसले?"

"तुला मोरेश्वर हवा होता," मी म्हणाले. "त्यांनी तेवढंच ओळखलं."

नेपरव्हिलला परतल्यावर डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यातला दाब पुष्कळ वाढला होता. उजव्या डोळ्याच्या कडेची थोडी नजर गेली ती गेलीच. उरलेली थेंबांनी टिकेल असं ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात शोभना आपणहून माइकपाशी गेली. बाहेर बर्फ पडत होता, तरी हॉल भरला होता. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. एक काकू उठून म्हणाल्या, "पण त्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं ना?"

"बरोबर असणारच. आम्हीच लिहून दिलं होतं." हशा ओसरेपर्यंत ती थांबली. "देव आहे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी अजून रोज दिवा लावते. पण कुणी औषध सोडायला सांगितलं तर त्याला दोन प्रश्न विचारा. तुला हे कसं कळलं? आणि तू चुकलास तर नुकसान कुणाचं? मी विचारले नाहीत. आता उजवीकडून कुणी आलं तर मला ते दिसत नाही."