भगताच्या यंत्रातला पांढरा डोळा

एरंडोलकडच्या त्या गावात मे महिन्याच्या भर दुपारी पारासमोर अख्खं गाव उभं होतं, आणि एकालाही ऊन लागत नव्हतं. ताडपत्रीखाली भिकन भगताने लॅपटॉप मांडला होता. त्याला जोडलेला मुठीएवढा लाल कॅमेरा. डाकीण शोधायला एकेक बाई काळ्या घोंगडीखाली बसवायची, कॅमेरा आत सरकवायचा. लॅपटॉपचा पडदा काळाच. भगत म्हणायचा, निर्मळ शे. बाई सुटायची.

सत्तावीस सुटल्या. अठ्ठाविसावी धुरपदाबाई सुईण. काळोखात पांढरा ठिपका पेटला, टक लावून बघणारा.

"दखा, डाकिनना डोया," भगत म्हणाला. "सॅटेलाइटनं यंत्र शे. माणूस खोटं बोलस, यंत्र नही."

झुलाल आबांचा नातू आठ दिवसांपूर्वी तापाने गेला होता. पहिली काठी त्यांचीच. मग गावाला हुरूप आला. धुरपदाला लिंबाला बांधलं, नाकाशी मिरच्यांची धुरी धरली, मनगटावर काठ्या घातल्या. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेत ऐकू गेला. तिच्या हातून बाळंत झालेल्या बाया मोबाइलवर शूटिंग करत होत्या.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम गर्दीत घुसल्या, तर कुणीतरी मुस्काटात मारून त्यांचा ओठ फोडला. रक्त पुसता पुसता त्यांची नजर कॅमेऱ्यावर गेली. तो त्यांचाच होता.

मॅडम ताऱ्यांचे फोटो काढायच्या. मोठा कॅमेरा दहा दहा मिनिटं उघडा राहतो. तोवर हा छोटा एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण वळवत राहतो. पण याच्यातला प्रकाश टिपणारा एक कण बिघडलेला. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला, गरम झाला, की समोर काही नसताना तो कण पांढरा ठिपका होऊन आपोआप पेटायचा. यंत्र तारा सोडून त्यालाच धरायचं, फोटो फरफटायचे. म्हणून हिवाळ्यात त्यांनी दोष सांगून कॅमेरा विकला. एरवी गिऱ्हाईक दोष ऐकून पळतं. भिकन खूष झाला होता. ठिपका पाहिजे तेव्हा लावता येतो का, असं त्याने दोनदा विचारलं होतं, आणि मॅडमनी हसत हसत शिकवलं होतं.

"आबा, पुढची काठी मारायच्या आधी पडदा बघा," मॅडम म्हणाल्या. "मी खोटी ठरले तर मलाही बांधा."

त्यांनी कॅमेऱ्यावर झाकण लावलं आणि कॅमेरा उघडा राहायची वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शावर आणली. पडदा काळा. मग वेळ पाच सेकंदांवर नेली. डोळा पेटला.

"आता धुरपदाबाईकडे तोंडही नाही कॅमेऱ्याचं. मग हा कुणाचा डोळा?"

"डाकिन झाकनमाईन बी दखस," भगत बोलला.

मॅडमनी त्यालाच घोंगडीखाली बसायला सांगितलं. तो मागे सरकला, तशी आबांनीच घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकली. मॅडमनी झाकण काढून कॅमेरा धरला. त्याच जागी तोच डोळा. वेळ कमी केली, गेला. वाढवली, आला. गोळेवाल्याचा बर्फ पिशवीत घालून कॅमेऱ्याला बांधला, तसा डोळा हळूहळू मंदावला. अशी डाकीण कुठे असते, जी बर्फाने विझते?

"मग हिलेच काबरं धरी तू?" आबांनी भगताला विचारलं.

उत्तर लिंबाकडून आलं. "मी इतलंच सांगेल व्हतं, पोऱ्याले दवाखानामा ली जा. यानी चार दिन नुसता अंगारा लाया."

आबांनी हातातली काठी टाकली. गर्दीने दगड उचलले आणि पहिला भिकनच्या कपाळावर बसला. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. दुसरा त्यांच्या खांद्याला लागला.

"मघाशी त्याचं ऐकून मारत होतात, आता माझं ऐकून मारताय. डोकं अजून वापरलंच नाही. याला पोलिसांकडे द्या, कायदा आहे. आधी तिला सोडा."

आबा दोरी सोडायला गेले. धुरपदाबाईने मान फिरवली आणि मॅडमची वाट पाहिली.

असलं यंत्र गावात आलं तर ते आधी आणणाऱ्यावरच लावून बघा. तो नाही म्हणाला की ओळखा. आणि लेकरू तापलं तर दवाखान्यात न्या. हे सांगणाऱ्या बाईचं मनगट आता वाकडं जुळलंय. तिच्या हाताने गावात कुणी बाळंत होत नाही.