अर्धा तास ताठ

रंगुबाईनं कानातली फुलं काढली, कमरेची किल्ली काढली, पण हात गळ्यातल्या मंगळसूत्रापाशी आला आणि तिथंच थांबला.

"मावशी, ते पण काढा. मशीनमध्ये धातू चालत नाही," मशीनवाली मुलगी म्हणाली.

"नवरा जित्ता हाय माझा."

"असू द्या की. दहा मिनिटांनी परत घाला."

मागं उभ्या असलेल्या सत्यशीलेनं तळहात पुढं केला. सत्यशीला म्हणजे तिची सून, चोवीस वर्षांची, सकाळपासून नुसती घाईत असलेली. "द्या हिकडं, आत्याबाई. मामांना काय व्हत न्हाई. दोन भाकरी खाऊन बसल्यात सकाळी."

रंगुबाईनं मंगळसूत्र तिच्या मुठीत दिलं आणि फळीवर आडवी झाली. आडवं होताना पाठीतून अशी कळ गेली की तिनं फळीची कड गच्च धरली. वरून एक दांडा हळूहळू सरकत गेला, मानेपासून कंबरेपर्यंत. ना टोचलं, ना चावलं. तिला वाटलं हे काय तपासणं झालं, आणि नगरच्या दवाखान्यातली एवढी मोठी खोली एवढ्याचसाठी?

झालं असं होतं, की पंधरा दिवसांपूर्वी तिनं पाण्याचा हंडा उचलला आणि पाठीत काडी मोडल्यासारखं काहीतरी मोडलं. काडीच. तेवढाच आवाज. तेव्हापासून तिला बसलं तर उठवत नव्हतं आणि उठलं तर बसवत नव्हतं. एका जागी ती थांबायचीच नाही, घरभर फिरत राहायची, भिंतीला हात लावत.

डॉक्टर देवश्री मॅडम वयानं लहान होत्या, सत्यशीलेपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील फार तर. त्यांनी रिपोर्ट बघितला, मग रंगुबाईकडं बघितलं, मग परत रिपोर्ट.

"वय किती, मावशी?"

"अठ्ठेचाळीस. आधार कार्डावर बावन हाय."

"खरं कोणतं?"

"अठ्ठेचाळीस. कार्ड काढताना त्या पोरानं अंदाजानं टाकलं."

"पाळी कधी बंद झाली?"

"बंद न्हाई झाली. पिशवी काढली."

"कितव्या वर्षी?"

"सव्वीस."

मॅडमचं पेन कागदावर होतं तिथंच राहिलं. मग त्यांनी सोनोग्राफीचा कागद काढला आणि एकदम साध्या बोलीत सांगायला लागल्या. पिशवीबरोबर दोन्ही बाजूची अंडाशयंसुद्धा काढली होती, सांगितलं होतं का? नव्हतं. बाईच्या हाडांना बळ मिळतं ते तिथून. ते सव्विसाव्या वर्षीच तुटलं, तेव्हापासून बावीस वर्षं हाडं नुसती झिजत आली, आता सत्तरीच्या बाईसारखी झालीत. मणके हळूहळू दबत आलेत, म्हणून उंचीसुद्धा कमी झाली, आणि आता त्यातला एक मोडलाय.

रंगुबाईला घरातल्या फळीवरचा डबा आठवला. दूध पावडरीचा. दोन वर्षांपासून तिचा हात त्याला पुरत नव्हता, आणि ती मुलाला, कल्याणला, म्हणायची, तू फळी वर ठोकलीस का रे.

"उसाची मोळी आता डोक्यावर घ्यायची नाही," मॅडम म्हणाल्या. "या वर्षी नाही म्हणून नाही. कधीच नाही."

रंगुबाई खुर्चीत पुढं सरकली, मग मागं सरकली. दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावर सत्यशीला पाय हलवत बसली होती, मूठ अजून मिटलेली.

"मॅडम, आन कुनाला आत्ता काढायची असंल तर?"

"कुणाला?"

"हाय गावातली येक. चोवीस वर्षांची. दोन पोरं झाल्यात. अंगावरनं लई जातं म्हून."

"आधी माझ्याकडं पाठवा. बऱ्याचदा गोळ्यांनी थांबतं. काढायची गरजच पडत नाही. दर मंगळवारी असते मी."

नाव घ्यायचं होतं फक्त. दार ढकलून हाक मारायची होती. पण तालुक्याच्या दवाखान्यात पिशवी काढायचं विचारायला सत्यशीलेला घेऊन गेली होती ती रंगुबाईच, आणि हंगामाच्या आत उरकून टाका म्हणून तारीख मागितली ती पण रंगुबाईनंच. तारीख उद्याची होती.

"सांगते तिला," ती म्हणाली.

मग मॅडमनी सत्यशीलेला आत बोलावलं, कारण गोळीचे नियम कुणीतरी नीट लक्षात ठेवायला हवे होते. आठवड्यातून एकच गोळी. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. ताठ बसायचं, नाहीतर उभं राहायचं.

"म्हंजी शाळेतल्या शिक्षेगत," सत्यशीला म्हणाली आणि मॅडम हसल्या.

रंगुबाई हसली नाही.

एसटीत खिडकीची जागा मिळूनसुद्धा ती करंजीच्या घाटापर्यंत निम्मा वेळ उभीच होती. गतिरोधक आला की पुढच्या सीटची दांडी धरायची, गेला की सोडायची. सत्यशीला मात्र बोलत होती, थांबतच नव्हती.

"आत्याबाई, रात्री नऊनंतर पानी बी प्यायचं न्हाई म्हनलाय डाक्टर. पुंजारामाची बायको म्हाईताय ना? येक कप च्या पिऊन गेली सकाळी, तर टेबलावरनं उठवून लावली घरी. भूल देता येत न्हाई म्हनं. म्हैनाभरानं तारीख भेटली तिला. आपल्याला परवडंल का तसं? ह्याच्या पुढली तारीख दिवाळीनंतरची हाय, आन पाडव्याला तर सूर्यभान मुकादम ट्रक घेऊन दारात."

"व्हय."

"उद्या झालं तर दिवाळीपतूर मी धड हुते."

"तुला लई घाई झालीया सुटायची."

"व्हय झालीया." सत्यशीलेनं आवाज खाली घेतला, कारण पुढं पुरुष बसले होते. "गेल्या सालच्या फडात मी दुपारपतूर उसातच बसून ऱ्हायले हुते, उठू कशी? लुगडं सगळं भरलेलं. तुमीच मोळ्या वाहिल्या माझ्या. म्हाईत हाय ना?"

रंगुबाईला माहीत होतं. त्या दिवशी तिनं स्वतःच्या आणि सुनेच्या मिळून किती मोळ्या फळीवरून ट्रकमध्ये चढवल्या, ते मोजलं नव्हतं. तारीख घ्यायची तिनं त्याच दिवशी ठरवलं होतं. पोरगी सुटंल, असं वाटलं होतं तिला, आणि खरंच मनापासून वाटलं होतं. तिची स्वतःची सासू पण बावीस वर्षांपूर्वी हेच म्हणाली होती. ऑपरेशनवरून आली तेव्हा सासूनं दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता आणि म्हणाली होती, सुटलीस बाई.

घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. तिचा नवरा कानिफनाथ ओट्यावर बसून कोयता पाजळत होता आणि कल्याण मोटरसायकल पुसत होता, उद्या बायकोला न्यायचं म्हणून.

"काय म्हनले?" कानिफनाथनं विचारलं.

"हाडं झिजल्यात म्हनं. मोळी उचलायची न्हाई."

पाजळायचं थांबलं. आता हे समजून घ्यायला पाहिजे, की ऊसतोडीला कोयता म्हणजे नुसतं हत्यार नसतं, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. या घरातून दोन कोयते जायचे. त्यातला एक आत्ता, या ओट्यावर, एका वाक्यात मोडला होता.

"वय झालं," शेवटी कानिफनाथ म्हणाला.

"अठ्ठेचाळीस हाय मी."

"आपल्यात अठ्ठेचाळीस म्हंजी म्हातारंच की."

रंगुबाई आत गेली. बाहेर आली. चुलीपाशी गेली आणि परत दारात आली. फाईल तिच्या काखेत तशीच होती. "कल्यान, सत्तीचं उद्याचं ऱ्हाऊ दे."

कल्याणनं फडकं खांद्यावर टाकलं. "आय, तूच तारीख घ्यायला लावली."

"आता मीच ऱ्हाऊ दे म्हनते."

"का पन?"

तिला सांगायचं होतं सगळं, अंडाशयं, बळ, बावीस वर्षं. पण नवरा आणि मुलगा असे समोर बघत असताना त्या शब्दांना तोंडातून वाटच मिळेना. "नगरच्या मॅडम म्हनल्या, त्यानंच हाडं जात्यात."

"तुझी काढून बावीस हंगाम झाले की," कानिफनाथ म्हणाला. "येक बी खाडा न्हाई. हाडं आत्ता गेली."

"आन आता तू येनार न्हाईस," कल्याण म्हणाला, अगदी हळू, आईला लागू नये अशा बेतानं. "मग हिनं तर धडच पाह्यजे ना. दोघांच्या मोळ्या हिलाच वाहायच्यात."

रंगुबाईनं फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. सत्यशीला चुलीपुढं बसून ऐकत होती. तिनं मान वर केली नाही, नुसतं लाकूड आत सारलं. मग उठली आणि दवाखान्यातून निघताना कमरेला खोचून विसरलेलं मंगळसूत्र सासूच्या गळ्यात घातलं. घालताना तिला वाकावं लागलं नाही, हात वर करावा लागला नाही. सासू आता तिच्या कानाला लागत होती. लग्न ठरलं तेव्हा दोघींना शेजारी उभं करून बायका म्हणाल्या होत्या, मापाची सून भेटली, येकीला झाकावं दुसरीला काढावं.

दोघींनाही ते एकदमच आठवलं असावं. दोघी एकदमच बाजूला झाल्या.

सकाळी फटफटलं तेव्हा रंगुबाई आधीच उठून उभी होती. तिनं पाकिटातली गोळी काढली, पेलाभर पाण्याबरोबर गिळली आणि कल्याणच्या मोबाईलात बघून आली. सहा वाजून पाच. मग चुलीपासून भिंतीपर्यंत येरझारा घालायला लागली.

सत्यशीला केस विंचरून तयार होती. पिशवीत लुगडी भरलेली, दोन्ही पोरं अजून गोधडीत. बाहेर कल्याण गाडीला किक मारत होता, गाडी नेहमीसारखी सुरू व्हायला कुरकुर करत होती.

"सत्ते, च्या टाक."

"तुमाला अर्धा तास काय चालत न्हाई, आत्याबाई. म्या ऐकलंय."

"टाक तू. आन तो पावडरीचा डबा काढ. माझा हात पुरत न्हाई."

सत्यशीलेनं डबा काढला, चहा टाकला. मामांसाठी असेल असं तिला वाटलं. रंगुबाई ताठ मानेनं फिरत बघत होती. चहा उकळला तशी तिनं हात लांबवून टोपल्यातली रात्रीची भाकरी घेतली, मोडली, वाटीत कुस्करली.

"वत ह्यात. दुधाळ झालाय ना?"

"कुनाला?"

"तुला."

सत्यशीलेच्या हातात पातेलं तसंच राहिलं. "आत्याबाई, माझं आज..."

"हित हात लाव." रंगुबाईनं पाठ तिच्याकडं केली. "वाकता येत न्हाई मला आत्ता. तूच लाव. खाली. पदर सार."

सत्यशीलेनं पातेलं ठेवलं आणि हात लावला. पाठीच्या मधोमध एक टेंगूळ वर आलेलं, आणि त्याच्या खाली बोट बसेल एवढी खाच. तिनं बोट उचललं, परत ठेवलं.

"मी सव्वीस वर्साची हुते," रंगुबाई भिंतीकडं बघत म्हणाली. "पिशवी येकटी काढत न्हाईत. हाडाचं बळ बी त्यातनंच जातं. काल त्या मॅडमला तुझं इचारलं मी. गावातली येक हाय म्हनाले. तुझं नाव घेतलं न्हाई, लाज वाटली मला."

बाहेर गाडीनं धूर सोडला. थोडी गुरगुरली आणि परत बंद पडली.

"मग फडात?" सत्यशीलेनं विचारलं. "फडात कसं करू मी?"

"त्याला गोळ्या असत्यात म्हनल्या. मंगळवारी जाऊ दोघी. तुझं नाव मी सांगीन."

"आन हे? मामा?"

रंगुबाईनं पातेलं उचललं, वाटीत चहा ओतला, भाकरी फुगेपर्यंत थांबली आणि वाटी पुढं धरली.

सत्यशीलेनं दाराकडं बघितलं. मग पिशवीकडं. मग वाटी घेतली आणि खाली बसली.

रंगुबाई चालत दारापर्यंत गेली, आणि पहिल्यांदाच, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच, एका जागी थांबली. दोन्ही हात चौकटीला लावून.

गाडी सुरू झाली. कल्याण पायऱ्यांपर्यंत आला. "आय, सर की. निघायचं हाय. सत्ते, चल."

सत्यशीलेचं तोंड भरलेलं होतं.

"काय खातीया ती?" कल्याणनं मान उंच करून आत बघितलं. आईच्या डोक्यावरून त्याला सगळं दिसत होतं. "आय. सर ना."

"गोळी घेतलीया मी," रंगुबाई म्हणाली. "अजून इस मिन्टं ऱ्हायल्यात. तवर मला हलता येत न्हाई."