नऊ जणांची एक आत्या

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली बाईंना मिळाली होती, पण अटीवर. मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या वर्गातल्या नऊपैकी सात जण तोंडी परीक्षा पास झाले तर खोली पुढेही बाईंची, नाहीतर बुद्धिबळ मंडळाची. मंडळाचे चिटणीस भलतेच आशावादी. वर्ग चालू असतानाच ते हळूच आत येत, टेपने भिंत मोजत आणि "चालू द्या, चालू द्या" म्हणत निघून जात.

वर्गाला पुस्तकं होती, पण ती कुणा दानशूर बालवाडीची. त्यात एक ससा होता आणि त्याचा फुगा हरवला होता. लिफ्ट दुरुस्त करणारे लिफ्टवाले, वय वर्षं बावन्न, पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, मला सशाबद्दल काही म्हणायचं नाहीये." सुतारमामांनाही नव्हतं. नर्सताई तर कशाबद्दलच काही म्हणत नसत. त्या आधी दोनदा नापास झाल्या होत्या आणि प्रश्न विचारायची पाळी आली, की चष्मा काढून पुसत बसत.

मग बाईंनी घरच्या भिंतीवरचा एक फोटो उतरवला, दुकानातून तो दाराएवढा मोठा करून आणला आणि फळ्यावर चिकटवला. फोटो तीस वर्षांपूर्वीचा, बाईंच्या माहेरच्या अंगणातला. आई, बाबा, दोन काका, छत्री घेतलेली काकू, जांभई देणारं कुत्रं, हातात कागदी विमान धरलेल्या आठ वर्षांच्या खुद्द बाई, आणि मधोमध बाकावर बसलेली आत्या. बाकी सगळे हसतायत आणि आत्या कॅमेऱ्याकडे खाऊ की गिळू अशी बघतेय.

"सांगा," बाई म्हणाल्या, "आत्या का चिडलीय?"

झालं, वर्गाला कंठ फुटला. बेकरीवाल्या वहिनींच्या मते कुणीतरी आत्याला न विचारता केक संपवला होता. लिफ्टवाल्यांच्या मते धाकटे काका तिच्या चष्म्यावर बसले होते. चार महिने हाच वाद, तोही इंग्रजीत, जिन्यात, रस्त्यात, बसथांब्यावर. सुतारमामा तेवढे गप्प. ते नुसते फोटोतल्या बाकाकडे टक लावून बघत आणि म्हणत, "माझं उत्तर मोठं आहे, बाई. तेवढे शब्द जमले की सांगतो." बाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं. बोलताना आपलेपणा यावा म्हणून त्यांनी सगळ्यांना 'माझी आत्या' असंच म्हणायला लावलं होतं. पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ या हौसेत होतं.

परीक्षेच्या आठवड्यात आत्याच्या इमारतीतली लिफ्ट अडकली. लिफ्टवाल्यांनी दार उघडलं, तर आत साक्षात आत्या. माणसाला सवयच अशी लागलेली, की त्यांनी तिचा हात धरून इंग्रजीत, अत्यंत कळवळ्याने विचारलं, तुम्ही अजून रागावलेल्या आहात का?

संध्याकाळी बाईंना फोन आला. "चिमे, एक अनोळखी माणूस मला लिफ्टमधून काढताना इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि रडायच्या बेतात आला. मग म्हणतो, इंग्रजीच्या वर्गातल्या फोटोत बघितलंय तुम्हाला. कुठला फोटो?"

बाईंनी सांगितलं.

"शनिवारी येते मी तो काढायला," आत्या म्हणाली. शनिवारी परीक्षा होती, पण हे सांगेपर्यंत फोन बंद झाला होता.

शनिवारी परीक्षक खोलीत बसले आणि एकेकाला आत बोलावून एकच म्हणाले, तुमच्या घरातल्या एका माणसाबद्दल सांगा. नववा उमेदवार बाहेर गेल्यावर त्यांनी बाईंना बोलावलं. मागोमाग काळजीने सगळा वर्ग आत आला. दारात चिटणीस टेप घेऊन उभेच होते.

"नऊ माणसं, नऊ घरं आणि आत्या एकच?" परीक्षक म्हणाले. "बाकावर बसलेली, रागावलेली. शेजारी कुत्रं. बाई, हे पाठांतर आहे. मी सगळ्यांना नापास करतोय."

बाईंची पाचावर धारण बसली. "सर, आत्या एक आहे, पण राग नऊ प्रकारचे आहेत. तुम्ही लिहून घेतलंय ना, बघा की."

परीक्षकांनी कागद चाळले. एकीकडे केक, एकीकडे चष्मा, एकीकडे कुत्र्याने पळवलेली चप्पल. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "हेसुद्धा घरून ठरवून आले नसतील कशावरून?"

एवढ्यात जिना चढून, धापा टाकत आत्या आली आणि कुणाकडे न बघता थेट फोटोपुढे जाऊन उभी राहिली.

"या कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"माझी आत्या," नऊ जण एका सुरात म्हणाले.

परीक्षकांनी पेन उचललं. "उत्तम. आता यांनाच प्रश्न विचारा. इंग्रजीत, आणि न ठरवलेले. बाई भाषांतर करतील, आणि एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तर मला कळेल."

वहिनींनी केकचं विचारलं. बाईंनी भाषांतर केलं. "मला केक आवडत नाही," आत्या म्हणाली. वहिनींचा चेहरा पडला, पण त्यांनी चिकाटीने का नाही म्हणून विचारलं आणि परीक्षकांनी त्यांच्या नावापुढे पास झाल्याची खूण केली. लिफ्टवाल्यांना कळलं, की तेव्हा आत्याला चष्माच नव्हता. त्यांनाही खूण मिळाली. खुणा पाच झाल्या आणि सुतारमामा उभे राहिले. चार महिने साठवलेले शब्द त्यांनी एकेक करून, थांबत थांबत मांडले. बाकावर चार माणसं मावतात. तरी सगळे उभे आहेत आणि तुम्ही एकट्याच बसलेल्या. बाक चमकतोय. त्याचा रंग ओला होता का?

बाईंनी भाषांतर केलं. आत्याने शेजारची खुर्ची आधी हाताने चाचपली आणि मग ती बसली. ती नेहमीच अशी चाचपायची. बाईंना तो इतकी वर्षं स्वच्छतेचा सोस वाटत होता.

"हिरवा," आत्या म्हणाली. "आणि अंगावर नवे कोरे कपडे. उठले असते तर सगळ्यांनी बघितलं असतं. म्हणून बसून राहिले. फोटो झाला, जेवणं झाली, पाहुणे गेले, तरी बसून. तीस वर्षं तो फोटो भिंतीवर आहे. घरातल्या एकाने विचारलं नाही, की बाई गं, तुझा चेहरा असा का." तिने नऊ जणांकडे बघितलं. "आणि ही परकी माणसं चार महिने तेवढंच विचारतायत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नऊ जणांना विचारलं होतं, पण जिला विचारायचं तिला कधीच नाही.

"सहा," परीक्षक पुटपुटले.

"एक कोडं मात्र सुटलं नाही," आत्या म्हणाली. "दादा, या चिमीचा बाप, शपथेवर सांगायचा, 'ओला रंग' असा कागद लावला होता म्हणून. मी त्याला खोटारडा ठरवलं आणि दोन वर्षं बोलले नाही त्याच्याशी."

तेव्हा नर्सताई उठल्या. त्यांनी चष्मा पुसला नाही. तो नीट डोळ्यांवर बसवून त्या फोटोजवळ गेल्या, कोपऱ्यातल्या चिमुरडीच्या हाताशी वाकल्या आणि वळून इंग्रजीत एक प्रश्न विचारला. अख्खा, स्वच्छ, न अडखळता.

बाई आनंदाने उठून उभ्याच राहिल्या. चार महिने ज्याची वाट बघितली, तो नर्सताईंचा पहिला प्रश्न. टाळ्या वाजवायला हात वर गेले आणि मग प्रश्नाचा अर्थ डोक्यात शिरला. हात वरच राहिले.

"फार चांगला प्रश्न," परीक्षक म्हणाले. पेन सातव्या खुणेवर थांबलं होतं. "भाषांतर, बाई?"

"काय म्हणाली गं ती, चिमे?" आत्याने विचारलं.

बाईंना वाटलं, सांगावं की किती वाजले विचारतेय. पण नर्सताई त्यांच्याकडे बघत होत्या, आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता. दारात चिटणीसांनी टेप थोडा बाहेर ओढला.

"आत्या," बाई म्हणाल्या, "ती विचारतेय, त्या विमानाच्या पंखावर काय लिहिलंय."

परीक्षकांनी सातवी खूण केली. चिटणीसांचा टेप सटकन आत गेला. आत्या उठली, पर्समधून चष्मा काढून तिने डोळ्यांवर चढवला, फोटोजवळ जाऊन पंखावरचे ते दोन शब्द वाचले, आणि तीस वर्षांपूर्वी कॅमेऱ्याकडे बघितलं होतं अगदी तसंच वळून बाईंकडे बघितलं.